पहिल्या रानातला साळू

माकड वही खात नव्हतं. एकेक पान ओढून, त्याचा वास घेऊन, सावकाश खाली गल्लीत सोडत होतं.

“आजोबा, केळं दाखवा ना त्याला! केळं!” बकुळ गच्चीच्या जाळीला लटकून ओरडत होती.

यज्ञेश्वर धोतराचा सोगा खोचत वर आले. त्यांनी केळं पुढे धरलं. माकडाने केळं घेतलं, वहीही बगलेत मारली आणि शेजारच्या छतांवरून उड्या घेत ते पंचगंगा घाटाच्या बाजूला दिसेनासं झालं.

“दोन्ही नेलं,” यज्ञेश्वर म्हणाले.

“जन्मभर तुमचे सौदे असेच!” खालून प्रभावतीचा आवाज आला.

बकुळ तिन्ही जिने उतरून गल्लीतली पानं वेचून आली. सगळ्यांवर पाढे होते. जे पान हवं होतं ते माकडाबरोबर गेलं होतं. अकरा वर्षांची पोर, पण रडली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “साळू गेला.”

साळू कोण, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या खोलीत वर्षभर एक जपानी विद्यार्थिनी संस्कृत शिकायला राहिली होती. परत जाताना ती आपला व्हिडिओ गेमचा खोका आणि एक कॅसेट बकुळला देऊन गेली. त्या खेळात तीन वाटसरू रानं, डोंगर आणि किल्ले ओलांडत जायचे, वाटेत लढायचे, लढून लढून बळकट व्हायचे. पहिल्याच रानात पावलोपावली एक काटेरी प्राणी आडवा यायचा. फणसाला डोळे फुटावेत तसा गोल, बुटका. दोन-तीन काटे टोचायचा आणि मरायचा. पुढच्या रानात गेल्यावर त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नसे. बकुळने त्याचं नाव साळू ठेवलं.

शेकडो साळू मारल्यावर एक दिवस एक साळू पडला, उठला आणि मुकाट्याने तिघांच्या मागे चालू लागला. खेळात असं क्वचित होत असे. शेजारची सई म्हणाली होती, “छोड ना त्याला, सगळ्यात फालतू आहे तो.” बकुळने सोडलं नाही. सगळा उन्हाळा त्याला घेऊन ती हिंडली, आणि आता थोरल्या किल्ल्याच्या दारात तिघे वाटसरू दमून बसत तेव्हा साळू एकटा लढत असे.

अडचण एकच होती. त्या खोक्याला स्मरण नव्हतं. बंद केला की सगळं पुसलं. म्हणून बंद करण्याआधी पडद्यावर बत्तीस जपानी खुणा उमटत. दुसऱ्या दिवशी त्या जशाच्या तशा भरल्या की सगळं होतं तिथून पुढे सुरू. बकुळला जपानी वाचता येत नव्हतं. तिने आकारावरून नावं ठेवली: कोयता, मासा, पळी, बगळा, शिडी, वेटोळं. रोज संध्याकाळी ती खुणा वहीत उतरवी आणि ताळा म्हणून दोनदा मोठ्याने वाची. यज्ञेश्वर बाजूला सुपारी कातरत बसलेले असत.

“आजोबा,” बकुळ पायरीवरून म्हणाली, “काल मी वाचत होते तेव्हा तुम्ही होता ना?”

यज्ञेश्वरांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात एक पाकीट होतं.

अडतीस वर्षं ते गल्लीतल्या वेदपाठशाळेत पहिला वर्ग शिकवत होते. आठ वर्षांचं पोर येई, त्याला समोर बसवायचं, आपण एकदा म्हणायचं, त्याने दोनदा म्हणायचं. ही संथा. स्वर चुकला की मांडीवर टिचकी. पोरं तयार झाली की मोठ्या गुरूंकडे जात, वेदपठणातली सगळ्यांत वरची पायरी गाठून घनपाठी होत, आणि कोणी विचारलं की त्या मोठ्या गुरूंचं नाव सांगत. ती रीतच होती. यज्ञेश्वरांच्या दाढीचे खुंट वाढलेले असत आणि टिचकी झणझणीत लागे, म्हणून पोरं त्यांना माघारी फणसगुरुजी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

गेल्या महिन्यात वसंतपूजेच्या सभेत, पन्नास वैदिकांच्या समोर, मंत्र म्हणता म्हणता ते मध्येच थांबले. पुढचं पद येईना. शेजारच्याने उचलून दिलं तेव्हा सभा पुढे गेली. नंतर पाठशाळेचा प्रमुख ढुंढिराज, त्यांचाच जुना विद्यार्थी, हात जोडून म्हणाला होता, “गुरुजी, आता विश्रांती घ्यावी. पोरांच्या तोंडात चुकीचं गेलं तर ते काढायला जन्म लागतो, हे तुम्हीच सांगायचात.” खरंच होतं ते. पाकिटात राजीनामा होता. आज चार वाजता ढुंढिराज तो न्यायला यायचा होता.

तीन वाजता लाइट आली. पंखा कुरकुरत फिरू लागला.

“खोका लाव,” यज्ञेश्वर म्हणाले.

प्रभावती दारात आली. “अहो, कशाला? नाही आलं तर पोर हिरमुसेल, आणि तुम्ही...”

पण ते बसले होते. मांडी घालून, पाठ ताठ, उजवा हात गुडघ्यावर. काल कानावरून दोनदा गेलेली बत्तीस पदं. तेवढी राहिली नसतील तर ढुंढिराज म्हणतो तेच बरोबर, आणि पाकीट देऊन मोकळं व्हायचं.

“कोयता,” ते म्हणाले. “मासा. पळी. कोयता. वेटोळं...”

बकुळ हातातल्या बटणांनी पडद्यावरची एकेक खूण टिपत गेली. ते थांबले नाहीत, चाचपडले नाहीत. शेवटची खूण झाली.

बकुळ पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आजोबा, तीन खाने रिकामे राहिलेत.”

“मोज नीट.”

“मोजले. एकोणतीसच आहेत.”

यज्ञेश्वरांचा चेहरा उतरला. त्यांनी डोळे मिटले आणि क्रमाने म्हणायला घेतलं: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं, अशी पदांची साखळी. कडी निसटली असेल तर क्रमात ती खटकलीच पाहिजे. कुठेच खटकलं नाही. शेवटी पुन्हा एकोणतीस.

एव्हाना दारात ढुंढिराज येऊन उभा होता. पायातल्या चपला काढलेल्या, उपरणं हातात. संथा चालू असताना मध्ये बोलायचं नाही हे त्याला यज्ञेश्वरांनीच शिकवलं होतं, म्हणून तो दारातच थांबला.

यज्ञेश्वरांनी डोळे उघडले. त्यांना तो दिसला. त्यांनी खिशातलं पाकीट काढलं.

“जाऊ दे आजोबा,” बकुळ म्हणाली. तिला पाकिटाचं काही ठाऊक नव्हतं. “वहीतसुद्धा मी एकदा असंच चुकले होते. आणि काल तर तुम्ही मला टोकलंही होतं, ‘हे येऊन गेलं की’ म्हणून. मी म्हटलं, दोनदा आहे ते.”

“काय म्हणालीस?”

“तुम्ही म्हणालात, हे येऊन गेलं...”

यज्ञेश्वरांनी कपाळावर हात मारून घेतला. “गाळलं! अगं, मी गाळलं!”

“म्हणजे?”

“पदपाठात, म्हणजे वेदातलं एकेक पद सुटं म्हणताना, एकदा येऊन गेलेला सलग पदांचा तुकडा पुन्हा आला तर तो म्हणत नाहीत. विद्यार्थ्याला तो येतोच, म्हणून गाळतात. पन्नास वर्षांची सवय माझी! मासा, पळी, कोयता. पहिल्या ओळीत आलं, म्हणून तिसऱ्या ओळीतलं मी सोडून दिलं. बगळ्याच्या पुढे घाल. घाल बगळ्याच्या पुढे.”

बकुळ बगळ्यापाशी परत गेली. मासा. पळी. कोयता. मग पुढच्या खुणा पुन्हा. बत्तिसावा खाना भरला, तिने बटण दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला. मग पिपाणीसारखा सूर वाजला, आणि थोरल्या किल्ल्याच्या दारात तिघे वाटसरू उभे राहिले. त्यांच्या मागे, गोल, बुटका, काटे फुलवून, तो.

“साळू!” बकुळ ओरडली.

“फणस!” ढुंढिराजच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली. घनपाठी माणूस, चार गावांच्या सभा जिंकलेला, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

प्रभावती पदर तोंडाला लावून हसायला लागली. “ये रे, आत ये. इतक्या वर्षांनी का होईना, तोंडावर बोललास!”

“गुरुजी, मी... ही वेदाची कुठली शाखा म्हणत होता आपण?”

“जपानी,” यज्ञेश्वर म्हणाले. “बस.”

ढुंढिराज बसला. पडद्यावरच्या प्राण्याकडे बघत बसला. “हा कोण?”

“पहिल्या रानातला शत्रू आहे,” बकुळने सांगितलं. “सगळे याच्यावरच हात बसवतात आणि मग पुढे जातात. मी जाताना घेऊन गेले.”

ढुंढिराजने पडद्यावरून नजर काढून गुरुजींकडे पाहिलं. पाकीट यज्ञेश्वरांच्या हातातच होतं.

“ढुंढिराज,” ते म्हणाले, “सभेत अडखळलो ते अडखळलो. त्याला सबब नाही. सभेत मी आता बसणार नाही. पण पहिल्या वर्गाचं जे आहे ते हाडात आहे रे. ते गेलं की मीच तुला येऊन सांगेन. तोवर तो वर्ग माझा.”

खाली गल्लीत कोणी तरी “हटो, हटो!” करत सांड हाकलत होतं. ढुंढिराजने उपरण्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

“सोमवारी पाच नवीन पोरं येतायत, गुरुजी,” तो म्हणाला. “एकाला ‘ष’ म्हणता येत नाही.”

“येईल.”

एवढ्यात पंखा मंदावला आणि पडदा विझला. लाइट गेली होती. तिघे वाटसरू, किल्ला, साळू, सगळं एका ठिपक्यात जाऊन नाहीसं झालं.

प्रभावतीने पटकन नातीकडे पाहिलं. बकुळ शांत होती.

“असू दे,” ती म्हणाली. “आजोबांकडे आहे तो. थांबा, मी कागद आणते, या वेळी दोन ठिकाणी लिहून ठेवते.”

“कागद माकडं नेतात,” यज्ञेश्वर म्हणाले. “इथे बस. अशी समोर. पाठ ताठ.”

बकुळने आधी आजोबांकडे, मग ढुंढिराजकडे पाहिलं. त्या मांडीसमोर आजवर कोणी मुलगी बसली नव्हती. ढुंढिराज नजर न वळवता थोडा मागे सरकला आणि त्याने तिला जागा करून दिली.

ती बसली.

“मी एकदा म्हणेन, तू दोनदा. कोयता, मासा.”

“कोयता, मासा. कोयता, मासा.”

“मासा, पळी.”

खोलीत उकडायला लागलं होतं. पोरीच्या कपाळावर घाम आला. यज्ञेश्वरांनी पुढचं पद देता देता हातातलं ते पाकीट आडवं धरलं आणि तिला वारा घालू लागले.