शंभराच्या आत

चेंडू हलला. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढा; पण हलला. मी काठीचं पातं त्याच्यामागे टेकवायला गेले आणि लांब गवतात अडकलेला तो मेला गर्रकन फिरून खाली बसला. आमचे हे शेजारीच उभे होते, पण ह्यांना दिसत नाही. आमच्याबरोबर खेळणारे दातांचे डॉक्टर पाठ करून नाक शिंकरत होते. म्हणजे पाहिलं ते मी एकटीनं.

"लावलीस का नीट?" ह्यांनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आभाळ कोसळलं? दोन वर्षांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. तेव्हा गोल्फचं नाव काढलं तरी माझ्या कपाळाला आठी पडायची. आमचे हे बस चालवायचे. आठवड्याची एक सुट्टी, ती गावाबाहेरच्या मैदानावर. बायका नवऱ्याच्या दारूपायी रडतात, मी गवतापायी रडले. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला हा माणूस चिखलाचे बूट घालून आला होता! "सवत आणलीत ती आणलीत, निदान दारात पाय तरी पुसून येत जा," असं मी म्हणायचे. हे नुसते हसायचे.

बरं, एवढं करून खेळ तरी यावा! या खेळात फटके जितके कमी तितकं चांगलं. अठरा खळग्यांत चेंडू घालायला बऱ्या खेळाडूला ऐंशी-नव्वद पुरतात म्हणे. ह्यांना उभ्या जन्मात शंभराच्या आत जमलं नाही. एकदा एकशे एक झाले, तर त्या दिवशी जेवले नाहीत. "एकदा, फक्त एकदा शंभराच्या आत यायचंय गं," एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग काचबिंदू आला. आधी बस सुटली, मग पेपर, मग माझा चेहरा. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. घरात भांडायला कोणी उरलं नाही, आणि ते मला खायला उठलं. एक दिवस केर काढताना मी ती गोल्फची पिशवी कोपऱ्यातून ओढली, तशा आतल्या काठ्या खणखणल्या. हे ताडकन उठून बसले.

"अगं, हळू! सात नंबरची काठी आहे ना त्यात?"

कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले होते. मी तिथेच फतकल मारली आणि पिशवीला म्हटलं, बाई गं, आता तूच ह्यांना उठव.

दुसऱ्याच दिवशी मैदान गाठलं. मी शिवणकाम करणारी. सगळा जन्म सरळ टीप मारण्यात गेला. चेंडूमागे पातं नीट लावायला मला फार शिकवावं लागलं नाही. मी लावायचं, अंतर सांगायचं, बाजूला व्हायचं, मारायचं ह्यांनी. भांडणं तर विचारू नका.

"डावीकडे म्हणजे किती डावीकडे?"

"आपल्या फ्रिजपासून दारापर्यंत."

"मग तसं सांग की!"

डॉक्टर हसून बेजार व्हायचे. पण हळूहळू मलाच काहीतरी व्हायला लागलं. फटका बरोबर बसला की टक्क असा आवाज येतो ना, त्यानं माझ्या अंगावर काटा यायचा. शिवायला बसले तरी मनात हिरवळीचे उतार फिरायचे. सवतीवर जीव जडलेली बाई मीच पहिली असेन.

आणि आज हा शेवटचा खळगा. शहाण्णव फटके झालेले. चेंडू हिरवळीच्या कडेला, लांब गवतात. एका फटक्यात तो बाहेर काढायचा, मग दोन हलक्या टोल्यांत आत घालायचा, की झाले नव्याण्णव. हे मघापासून आकड्याचं नाव काढत नव्हते, दृष्ट लागेल म्हणून. आणि अशा वेळी माझ्या हातून चेंडू हलला. नियम मला पाठ होता. चेंडू परत जागेवर ठेवायचा आणि एक फटका जास्त लावून घ्यायचा. या खेळात पंच नसतो, आपली चूक आपणच सांगायची असते. पूर्वी मी ह्यांना चिडवायचे, असला कसला हो तुमचा खेळ!

गप्प बसले असते तर? मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लहान मुलासारखे उतावीळ झाले होते. वाटलं, देवा, मिळू दे ना ह्यांना हे एवढं. पण हे माझ्या डोळ्यांवर विसंबून उभे होते. तेच डोळे खोटं बोलायला लागले, तर ह्यांच्याजवळ उरलं काय?

"अहो, चेंडू हलला. माझ्या हातून."

डॉक्टर गर्रकन वळले. "सोडा हो वहिनी! वाऱ्यानं हलला असेल."

"वारा कुठला आलाय? मी हलवला. एक जास्त लिहा." एवढं म्हणून मला रडूच फुटलं.

ह्यांनी चाचपडत माझा खांदा शोधला. आणि हसले की हो! अगदी पोट धरून. "डॉक्टर, ऐकलंत? बायको गोल्फर झाली माझी! लिहा, सत्त्याण्णव."

"अहो, पण शंभर होतील ना!"

"होऊ देत झाले तर. ठेव चेंडू जागेवर."

ठेवला. काठी लावली. चेंडू छान उचलला गेला, पण थांबला तो खळग्यापासून बराच लांब. आता एकाच टोल्यात आत गेला तरच. ह्यांनी माझा हात धरला आणि आम्ही चेंडूपासून खळग्यापर्यंत पायांनी उतार जोखत चालत गेलो, तसेच परत आलो.

"शेवटी उजवीकडे ओढ आहे. पात्याचं तोंड थोडं डावीकडे ठेव," हे म्हणाले.

"माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त दिसतंय," मी पातं लावत म्हटलं आणि बाजूला झाले.

टोला बसला. आणि इतके दिवस ह्यांचे डोळे म्हणून मिरवणारी मी, ऐन वेळी डोळे गच्च मिटून घेतले. बघवेचना. चेंडू गवतावरून जाताना आवाज करत नाही. मग कुठेतरी काहीतरी खुडखुडलं.

"काय झालं हो?" मीच विचारलं.

"आत गेला," हे म्हणाले. "डोळे उघड, वेडे!"

उघडले. डॉक्टर टोपी उडवून नाचत होते, नव्याण्णव, नव्याण्णव म्हणून ओरडत होते. हे मात्र माझा हात न धरता एकटेच खळग्याकडे निघाले होते. पावलं मोजूनमापून टाकत पोचले, गुडघ्यांवर बसले आणि आपला चेंडू हातानं शोधायला लागले. जरा वेळ लागला. मी मदतीला गेले नाही.