निळं कापड

"मॅडम, मक्खी इससे मरेगी नहीं," याकूब म्हणाला, तसा अनुराधाचा हात कापडावरच थबकला.

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या शेडमध्ये ती आफ्रिकेत गुरांना रोग लावणाऱ्या त्सेत्से माशीसाठीचं निळं कापड तपासायची. औषध सगळीकडे सारखं बसलंय ना, एवढंच तिचं काम. याकूब मूळचा कच्छी, जन्म मात्र टांझानियातला. तिकडच्या गुराख्यांसाठी माल न्यायला तो स्वतः आला होता.

"तो फायदा क्या, याकूबभाई?"

"यही तो फायदा है. बैठेगी, दवा लेके उड जाएगी. ये अंडे नहीं देती, मॅडम. एक टाइम एक ही बच्चा. पेट में पालती है, अंदर ही दूध पिलाती है. दवा लगी, तो भी बच्चा देगी. वो मिट्टी में जाएगा, कोश बनेगा. बस, उसमें से कुछ निकलेगा नहीं. खलास. माँ को पता भी नहीं चलता. फिर से पालने लगती है."

"एक मिनिट," म्हणून अनुराधा बाहेर आली. उन्हात कंटेनर तापले होते. काही वर्षांपूर्वी तिचेही दिवस पूर्ण भरले होते. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेली मुलगी नर्सने दाखवली आणि नेली. सगळे म्हणाले, दुसरं होईल. झालं नाही. ती घरी येण्याआधी नवऱ्याने, शैलेंद्रने, पाळणा कुणाला तरी देऊन टाकला होता.

"मला नाही करायचं ते काम," याकूब येऊन गेला त्या संध्याकाळी ती शैलेंद्रला म्हणाली.

"बरं. सोड."

का, ते त्याने विचारावं म्हणून ती थांबली. त्याने पेपर उलटला. सोडते सोडते म्हणत ती कामाला जातच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसात याकूबचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"मॅडम, जहाँ आपका कपडा लगाया, वहाँ मक्खी एकदम कम! हमारी एक गाय थी, इसी मक्खी की बीमारी से हर बार गाभ गिरा देती थी. कल उसको बछिया हुई. खडी भी हो गई! नाम आप बोलो, हम वही रखेंगे."

नाव तिच्या ओठांवर आलं. तिने ते तसंच गिळलं.

"आप ही रखो, याकूबभाई," ती म्हणाली. फोन ठेवल्यावरही बराच वेळ तिचा हात रिसीव्हरवरच होता.

करामातल्या घरी मेथी निवडता निवडता तिने शैलेंद्रला सगळं सांगितलं. माशीचं, गाईचं, कालवडीचं.

"मग? काय नाव सांगितलंस?"

"काही नाही. म्हटलं, तुम्हीच ठेवा."

तो सावकाश तिच्या समोर येऊन बसला. जुडीतून एक काडी उचलून पानं खुडू लागला. हे काम त्याने कधी केलं नव्हतं. पानांबरोबर देठही येत होते.

"बरं केलंस," खाली बघतच तो म्हणाला. "आभा आपलीच राहू दे."

मुलीला नेलं त्या दिवसानंतर घरात तिचं ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. अनुराधाने त्याच्या पुढ्यातले देठ वेचले नाहीत. जुडी अर्धी करून त्याच्याकडे सरकवली.