वीस भाकरी

"आण्णा, हितनं भिंत येईल," रणधीरनं मूठभर चुन्याची फक्की घेऊन कडुलिंबाखालून पांढरी रेघ ओढली. "लिंब काढावा लागंल. आत गारेगार हॉल."

धुळाप्पा चुलीपुढं पीठ मळत होता. नळदुर्गच्या हायवेला त्याच्या ढाब्यानं अठ्ठावीस वर्षं काढली. रस्ता रुंद झाला आणि ट्रकवाले थांबायचे बंद झाले. म्हणून लेकाचं म्हणणं, मागचं दोन एकर विकून हॉल बांधू. रानाचं गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी इसाराची आगाऊ रक्कम द्यायला येणार होतं. त्याच रानातल्या ज्वारीची भाकरी या चुलीवर भाजली जायची. रान विकायचं धुळाप्पाच्या मनात नव्हतं, पण कर्त्या लेकाला नुसतं नाही कसं म्हणायचं?

कालच एका ड्रायव्हरनं गतिरोधकाशी गाडी हळू करून ऐकवलं होतं, "काका, बसाया टाइम कुठं हाय? हातात कायतरी द्या." ते धुळाप्पाच्या डोक्यातून जात नव्हतं.

"आजपासनं वीस भाकरी जादा करू," तो बायकोला म्हणाला. "झुणका घालून कागदात गुंडाळायच्या. म्या रस्त्याला उभारतो."

"आन् न्हाय खपल्या तर?" गजराबाईनं विचारलं.

"आपुन खाऊ."

रणधीर हसला. "जग कुठं चाललंय आन् तुमी वीस भाकरी घिऊन बसलाव."

पहिल्या दिवशी तीन खपल्या. त्यातलीही एक गुंडाळी फुटली आणि सगळा झुणका ड्रायव्हरच्या पँटवर. परतीच्या वाटेवर थांबून त्यानं ते डाग धुळाप्पाला दाखवले. उरलेल्या सतरा तिघांनी दुपारी खाल्ल्या, रात्री खाल्ल्या, सकाळी दुधात कुस्करून खाल्ल्या.

"असंच चाललं तर ढाब्याच्या आधी आपली पोटं बंद पडतील," गजराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धुळाप्पानं भाकरी गुंडाळली नाही. पातळ थापली, मधोमध दुमडली, आत घट्ट झुणका आणि कांदा दाबला. सात गेल्या. मग डाग पडलेलाच गडी पुन्हा आला आणि मागच्या दोन गाड्यांसाठीही घेऊन गेला. टोलच्या रांगेत बसल्या बसल्या खाता येतं म्हणाला. आठव्या दिवशी वीसच्या वीस संपल्या तेव्हा धुळाप्पानं तीस केल्या, मग चाळीस. धुळाप्पाचे गुडघे धरले तसा रणधीर स्वतः टोपली घेऊन उभा राहायला लागला. पण गिऱ्हाइकाला येऊ नको असं त्यानं कळवलं नव्हतं.

ठरल्या दिवशी रानाचं गिऱ्हाईक भर दुपारी आलं. "भूक लागलीय," ते बाजेवर टेकत म्हणालं. "आधी भाकरी, मग इसार."

गजराबाईनं टोपली उपडी करून दाखवली. आत काहीच नव्हतं.

रणधीर त्या टोपलीकडं बघत राहिला. "दादा, जेवण संपलंय," तो म्हणाला. जेवण संपलंय, हे या ढाब्यावर कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मग तो बापाकडं वळला. "आण्णा, उद्या साठ करायच्या तर ज्वारी पुरंल का?"

"रान हाय तवर पुरंल."

"मग रानाचं ऱ्हाऊ द्या, दादा. च्या घ्या."

धुळाप्पानं लगोलग चहाचं आधण चुलीवर चढवलं.

चहा पिऊन गिऱ्हाईक गेलं. घरच्यांना खायला काही उरलं नव्हतंच. गजराबाईनं सकाळच्या भाताला फोडणी दिली. रणधीरनं बाज ओढून लिंबाच्या सावलीत, फक्कीच्या रेघेवरच टाकली आणि तिघं तिच्यावर बसून जेवली.