बेचाळीस नकाशे, किरकोळ

वास्तुरचना आणि नगररचना विभागाच्या ग्रंथालयातून काहीही बाद करायचं, तर आधी त्याचा शिक्का कापावा लागे. पुस्तक असेल तर पहिलं पान फाडायचं. नकाशा असेल तर उजवीकडचा खालचा कोपरा, जिथे दाखल क्रमांक आणि गोल शिक्का असतो तो, कापून काढायचा. उद्या तो कागद कुणाला रद्दीत सापडलाच, तर विद्यापीठाचा माल बाहेर गेला असा बोभाटा होऊ नये, एवढ्यासाठी. हे काम ग्रंथपालाने स्वतःच्या हाताने करायचं, असंही नियमात होतं. ग्रंथपाल बाईंनी अठ्ठावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता.

बाई इथे आल्या तेव्हा ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं आणि एक गळकं छप्पर होतं. आता दोन मजले भरले होते. विटांच्या कमानी, सांडपाण्याचे उतार, जिन्याच्या पायऱ्यांची मापं, ज्या विषयाचं नाव घ्याल त्याचं पुस्तक हजर. एखाद्या प्राध्यापकाला काय लागेल हे त्याला सुचण्याआधी बाईंच्या यादीत चढलेलं असे. प्रकाशकांच्या याद्या त्या डोळ्यांत तेल घालून वाचत. दूरदूरच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांवरची जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं त्यांनी हौसेने मागवली होती. त्यांचं वेगळं कपाटच होतं. विद्यार्थी ती चाळत, हळहळत आणि चहा प्यायला जात. विद्यापीठाच्या फाटकापासून पाऊण तासावर हाडांच्या कारखान्यामागे एक वस्ती होती. तिच्यावर मात्र त्या कपाटात चिटोरंही नव्हतं. का नव्हतं, ते एकट्या बाईंना ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी त्या वस्तीतून बाईंची थोरली बहीण आली.

ताई याआधी ग्रंथालयात कधी आली नव्हती. खरं सांगायचं तर तिला कधी येऊच दिलं नव्हतं. "मीच येते गं तुझ्याकडे, तू कशाला एवढी तंगडतोड करतेस," असं बाई म्हणायच्या आणि वर्षातून दोनदा जायच्या, तेही कारखाना बंद असताना, म्हणजे कपड्यांना वास लागत नसे. ताई हे सगळं ओळखून होती. बहिणीला ओळखायला काही ग्रंथालय लागत नाही.

दाराशी चप्पल काढावी की नाही या विचारात ती थोडा वेळ घुटमळली. मग आत आली.

"छोटे, वस्ती पाडतायत."

"हळू बोल ताई. पेपरात वाचलं मी."

"पेपरात कागदाचं नसेल आलं. पस्तीस वर्षांपूर्वीपासून राहतो असा कागद दाखवा म्हणतात. दाखवला तर दुसरीकडे घर, नाही तर चालू पडा. आता आपल्यात कुणाकडे कागद असणार? पण ते विद्यार्थी आले होते ना मोजायला? तू बारा वर्षांची होतीस. त्यांच्या फितीचं दुसरं टोक कोण धरणार म्हणून मला बोलावलं. दहा दिवस मी फीत धरली, घराघरांतून."

बाईंच्या हातातलं पेन टेबलावर आडवं झालं.

"त्यांच्यातल्या एका मुलीने मला वाचून दाखवलं होतं," ताई पुढे सांगत राहिली. तिचा चेहरा उजळला होता. "प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात वस्तीचं नाव, तारीख आणि खाली माझं नाव. मोजायला मदत केली म्हणून. म्हणाली, हे ग्रंथालयात कायम राहील. आता ग्रंथालय म्हणजे तूच की! मी सगळ्यांना सांगून आलेय, बिनघोर राहा, माझी बहीण काढून देते. गुरुवारी सुनावणी आहे."

"बघते," बाई म्हणाल्या.

ते नकाशे ग्रंथालयात आले होते हे खरं. बाईंच्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका निवृत्त प्राध्यापकाच्या खोलीतून ती चळत निघाली आणि नोंद करायला बाईंच्याच टेबलावर येऊन पडली. सतरावा नकाशा उलगडला आणि त्यांना आपलं घर दिसलं. वरून पाहिलेलं, छप्पर काढून. बाज, पाण्याचं पिंप, चूल, दाराजवळ वडिलांची पोती. बाजूला नीट वळणदार अक्षरात: कुटुंबप्रमुख, हाडे वेचणारा. दोन मुली. शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून तेव्हा त्याच वस्तीवरून विनोद करत होते, तिकडून येणारी बस नाकानेच ओळखू येते म्हणून. बाईही हसल्या. मग त्यांनी नकाशा गुंडाळला आणि कार्डावर लिहिलं: विद्यार्थ्यांचे काम, बेचाळीस नकाशे, किरकोळ. वस्तीचं नाव नाही, साल नाही. ज्या बाईंच्या नोंदींचे दाखले पुढे दुसरी ग्रंथालयं देऊ लागली, त्यांच्या हातची ही एवढी एकच नोंद अर्धवट होती. अर्धवट नोंद म्हणजे कपाटात कोंडलेलं माणूसच. ते आत आहे हे कुणालाच कळत नाही.

तरी ते खणात होते तोवर होते. चार महिन्यांपूर्वी विद्यापीठाची तपासणी व्हायची होती. नवी पुस्तकं ठेवायला जागा हवी, म्हणून विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, दहा वर्षांत ज्याची देवघेव झाली नाही ते सगळं बाद. नकाशे कधी घरी नेऊ देत नसत, तिथेच बसून पाहायचे, मग त्यांची देवघेव होणार कुठून? हे बाईंनी विभागप्रमुखांना सांगितलंही होतं, आणि भांडून कितीतरी नकाशे वाचवलेही होते. पुलांचे वाचवले, बाजारपेठेचे वाचवले, एका पाडलेल्या नाट्यगृहाचे तर हट्टाने वाचवले. मग तो खण आला.

"यात काय आहे?" विभागप्रमुखांनी विचारलं होतं. "ठेवण्यासारखं असेल तर सांगा, उघडून बघू."

उघडून बघू म्हटल्यावर बाईंनी खणावर हात ठेवला. अठ्ठावीस वर्षं लोटली होती, ते दोन्ही कारकून कधीच गेले होते, आता त्या वस्तीवरून विनोद करायलाही कुणी उरलं नव्हतं. तरीही.

"काही नाही, सर. किरकोळ," त्या म्हणाल्या.

पुस्तकबांधणीच्या विभागात कागद कापायचं मोठं यंत्र होतं. बेचाळीस नकाशांची चळत त्यांनी नीट ठोकून सारखी केली आणि दांडा खाली ओढला. बेचाळीस कोपरे एकदम टोपलीत पडले. टोपली त्याच दिवशी भट्टीत गेली, कारण नियमच तसा होता.

ताई गेल्यावर बाईंनी जुन्या शिपाईकाकांना गाठलं. नकाशांचा गठ्ठा रद्दीत गेला का, विचारलं.

"रद्दीवाला घेईना, बाई. तेलकट कागद, त्याचा लगदा होत नाही म्हणाला. मग मी मॉडेलच्या खोलीत दिले. पोरं पुठ्ठे कापायला खाली अंथरतात."

बाई धावल्या. बावन्न वर्षांची बाई, चष्मा हातात घेऊन, दोन जिने. मॉडेलच्या खोलीत पहिल्या वर्षाची मुलं डिंकाच्या वासात बसून आदर्श वसाहतींची छोटी छोटी घरं चिकटवत होती. त्यांच्या हातांखालून बाईंनी एकेक नकाशा ओढून काढला. मुलं बघतच राहिली. नऊ मिळाले. सुऱ्यांनी चिरलेले, डिंक सांडलेले, पण घरं ओळखू येत होती. सतरावा त्यांत होता. बाज, पिंप, चूल, पोती. उजवीकडचा खालचा कोपरा सरळ, स्वच्छ कापलेला. कापणारीचा हात सराईत होता यात शंका नाही.

बाईंना तिथेच रडू कोसळलं. एका मुलीने त्यांना पाणी आणून दिलं.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीपासून बाहेरच्या ओसरीपर्यंत वस्तीतली माणसं उभी होती. बाईंनी नकाशे ताईच्या हातात दिले होते, पण कोपऱ्याचं बोलायचा धीर झाला नव्हता. ताईला वाचता येत नव्हतं. चित्र मात्र तिला बरोबर कळलं. "हे बघ आपलं पिंप!" असं म्हणत ती सगळ्यांना दाखवत फिरत होती. कोपऱ्यावरून तिचं बोट दोनदा फिरलं आणि थांबलं.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याने नकाशे उजेडात धरून पाहिले, मापंसुद्धा वाचली.

"काम सुरेख आहे. पण यावर तारीख कुठाय? वस्तीचं नाव? हे घर कुठलंही असू शकतं."

"कोपऱ्यात होतं साहेब," ताई म्हणाली. "माझं नाव पण होतं."

"कोपरा कापलाय. कुणी कापला?"

"मी," बाई म्हणाल्या. "बाद करताना कापायचा असतो. नियम आहे."

ताईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ओसरीवर कुजबुज झाली आणि विरली.

"ग्रंथालयाच्या दप्तरात नोंद असेल ना? तेवढीही चालेल."

"नोंद आहे. पण तीत वस्तीचं नाव नाही. साल नाही." एवढं बोलल्यावर उरलेलं आपोआप बाहेर आलं. "साहेब, माझी साक्ष घ्या. हे माझं घर आहे. मी इथे जन्मले, या बाजेवर झोपले, हे माझे वडील. मी चोवीस वर्षं तिथे राहिले."

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदाच चार लोकांत म्हटलं होतं. बाईंना वाटलं, आता छातीवरचं ओझं उतरेल. अधिकाऱ्याने कारकुनाला खूण केली. नकाशे ग्रंथालयातलेच आहेत एवढं सांगायचं म्हणून, साक्षीदाराची ओळख पटवायला, बाईंनी सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत सकाळीच दिली होती. विद्यापीठाचा कागद म्हणजे वजन पडेल, असा त्यांचा हिशोब होता. त्या पानावर काय आहे हे घाईत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"इथे जन्मस्थान दुसरंच आहे," अधिकारी म्हणाला. "कायमचा पत्ताही तिथलाच. मामाचं घर, असं लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

बाईंनी चष्मा चढवून सही पाहिली.

"एक तर नोकरी लागताना लिहून दिलंत ते खोटं, नाही तर आत्ता सांगताय ते खोटं. कोणतं लिहून घेऊ?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. नोकरीची सहा वर्षं उरली होती. खोटी माहिती दिली म्हणून काय होतं, हे बाईंना पाठ होतं. त्या नियमाची पुस्तिकाही त्यांच्याच ग्रंथालयात होती. ओसरीवरची माणसं वाट पाहत होती आणि सगळ्यांत पुढे ताई. बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

ताईने बराच वेळ वाट पाहिली. मग ती पुढे झाली, टेबलावरचे नऊ नकाशे तिने एकावर एक ठेवले, कापलेले कोपरे एका बाजूला येतील असे, आणि सुतळी बांधली.

"काही लिहू नका, साहेब," ती म्हणाली. "त्यांचा काही संबंध नाही. आमची दया आली म्हणून बोलल्या बिचाऱ्या. त्या आमच्यातल्या नाहीत, ग्रंथालयाच्या बाई आहेत."

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.