चेनवाले बूट

“तोंडाला कुलूप घातलंस का रे? किल्ली गिळलीस की काय?” लहानपणी आई असं विचारायची, आणि मिस्त्री खरंच आवंढा गिळायचा. आई जाऊन वर्षं लोटली. आज तोच आवाज त्याला लष्कराच्या धिप्पाड ट्रकखाली ऐकू आला. तो गोणपाटावर उताणा पडला होता, आणि हातभर अंतरावर, दुसऱ्या गोणपाटावर, समोरच्या दुकानातली शिंपीणबाई.

पुढच्या एक्सलला, चाक जिथे वळतं त्या सांध्यावर, रबरी बूट असतात. आतलं ग्रीस बाहेर सांडू देत नाहीत, बाहेरची धूळ आत शिरू देत नाहीत. जुने फाटले होते. मिस्त्रीने नवे चेनवाले मागवले: सांध्याभोवती गुंडाळायचे, पिशवीला असते तशी चेन लावायची, वरून चिकटवायचं सोल्युशन फासायचं. पण जाड रबरातली चेन महाहट्टी. ‘आमच्या राकट बोटांचं हे काम नव्हे,’ असं सांगून त्याने बाईंना बोलावलं. दोघंही एकटी. इतकी वर्षं रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला ‘काय, बरं आहे ना?’ एवढंच जायचं आणि ‘बरं आहे’ एवढंच परत यायचं. डावा बूट झालासुद्धा. उजवा झाला की बाई उठणार, पदर झटकणार, पुन्हा रस्त्यापलीकडे.

बाई मेणबत्तीचा तुकडा चेनीवर घासत गुणगुणत होत्या:

“चल गं चेनुताई, नको फुगवू गाल,
मेणाची वाट केली, सुळकन चाल!”

मिस्त्रीने मान त्यांच्याकडे वळवली. “बाई, मी काय म्हणतो...”

“मौनीबुवा, वळवू का?” वर केबिनमध्ये स्टिअरिंग धरून बसलेली त्याची थोरली बहीण ओरडली.

“नको!”

“मग मला इथे शोभेला बसवलंय होय? आणि काय रे, नेहमी तर तू बिनचेनीचे सलग बूट घालतोस. ते भक्कम म्हणून अख्खं चाक उतरवतोस, हौसेने! आजच हे चेनीचं खूळ कुठून आलं?”

मिस्त्री खोकला. तेवढ्यात वरून ग्रीसचा गोळा निसटला तो थेट त्याच्या नाकावर. बाई खुदकन हसल्या. मग तो हसला. मग दोघं इतकी हसली, की बहिणीने खिडकीतून डोकं काढलं. “मेलं, ट्रकला गुदगुल्या करताय का रे?”

बाईंनी पदराच्या टोकाने त्याचं नाक पुसलं आणि पुन्हा चेन धरली. सुर्रकन वर गेली ती, आणि शेवटाला येऊन थांबली.

“अडकली?” मिस्त्रीने विचारलं.

“चेन कसली अडकतेय. मीच थांबलेय.” बाई एक्सलकडे बघत होत्या, पण कानाच्या पाळ्या लालबुंद. “एवढी ओढली की मी चालले दुकानात. ताईंनी काहीतरी विचारलंय तुम्हाला. द्या की उत्तर!”



मिस्त्रीने आवंढा गिळला. किल्ली काही सापडेना. मग त्याने कुलूपच तोडलं.

“सलग बूट कपाटात पडलेत,” तो म्हणाला. “तुम्ही यावं म्हणून हे मागवले. आणि सोल्युशन सुकेपर्यंत थांबा म्हणत नाही मी, बाई. कायमच्या थांबा.”