चिमीची गाय

तिने बाटलीचं घट्ट बूच दातांनी उघडलं आणि चिमीच्या गाईचं दूध तिच्यात ओतायला सुरुवात केली. थोडं दूध खाली सांडलं, ते तिने पायानेच शेणात मिसळून टाकलं. गोठ्याच्या दाराबाहेर डेअरीचा तपासनीस उभा होता. सगळ्या गाईंचं दूध एकत्र करायचं, ढवळायचं आणि त्यातलं बाटलीत भरायचं, असं त्याने तिला बजावून सांगितलं होतं. खरं तर आत येऊन त्यानेच भरायचं, पण हा गडी गाईंना भीत होता. उभं आयुष्य दुधाच्या धंद्यात गेलेलं, आणि मघाशी एका वासराने नुसतं फुरफुर केलं तर साहेब उंबऱ्याबाहेर! एरवी तिला हसू आवरलं नसतं. आज मात्र तो भित्रा निघाला याचं तिला फार बरं वाटलं.

“नीट ढवळलंत ना वहिनी?”

“ढवळलं,” ती म्हणाली आणि बाटली त्याच्या हातात दिली.

त्याने बाटलीवर चिठ्ठी डकवली, ती बर्फाच्या डब्यात ठेवली आणि गाडीला किक मारली. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

डेअरीच्या टँकरमध्ये औषधाचा अंश सापडला होता. पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून जे गुलाबी औषध चोळलेलं असतं, तेच. कुणाच्या तरी गाई असलं बियाणं खात होत्या, म्हणून डेअरीने गोठ्यागोठ्यातून नमुने घ्यायला सुरुवात केली होती. ज्याच्याकडे सापडेल त्याचं दूध बंद. आणि दूध बंद म्हणजे हे घरच बंद, कारण घरात दुसरं येतं काय?

कुणाच्या गाई खात होत्या हे तिला पक्कं ठाऊक होतं. पेरून उरलेला मका नवऱ्याने हौदात घालून चोळचोळून धुतला होता, गच्चीवर वाळवला होता आणि दळून त्याचा भरडा करून आणला होता. चांगला टपोरा दाणा फेकून देणं त्याच्या जिवावर आलं. तिने परोपरीने सांगून पाहिलं. तो हसला. रंग गेला म्हणजे औषध गेलं, एवढी साधी गोष्ट तुला कळत नाही, म्हणाला. वर पुन्हा, गाई मेल्या का? उलट बादल्या जास्त भरतायत, ते बघ. यावर काय बोलणार, कपाळ?

पण एका बाबतीत तिने त्याचं काही चालू दिलं नव्हतं. चिमीच्या गाईला तो भरडा नाही म्हणजे नाही. चिमी दीड वर्षाची, तिची एकुलती एक. पोरीच्या पोटाला एकाच गाईचं दूध मानवतं म्हणून तांबडी तिच्यासाठी ठेवलेली. तांबडीची जागा गोठ्याच्या पार टोकाला, गव्हाण वेगळी, दुधाची किटलीसुद्धा वेगळी. तिच्यासाठी ती स्वतः हिरवा चारा कापून आणायची, दुसऱ्या कुणावर सोपवायची नाही. त्यामुळे तपासनिसाने बाटली पुढे केली तेव्हा कुठलं दूध भरायचं, याचा तिला विचारही करावा लागला नाही. घरात खात्रीचं दूध तेवढंच होतं.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. खोटेपणा तिला सलत होता. निकाल चांगला आला की उरलेला भरडा खड्ड्यात पुरायला लावायचा, नवरा कितीही आदळआपट करो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तोवर टँकर रोज येत होता आणि त्यांचं दूध घेऊन जात होता.

निकाल घेऊन तपासनीस आला तेव्हा सासूबाई ओसरीवर चिमीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चिमी दोन्ही हातांनी पेला धरून दूध पीत होती. नवऱ्याने खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभाच राहिला. गोठ्यातून हात पुसत ती बाहेर आली.

“सापडलंय,” तपासनीस म्हणाला.

नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“पण अगदी थोडं आहे दादा. मर्यादेच्या जरासं वर. खाद्य बदला, आठवडाभर दूध घालू नका, मग पुन्हा नमुना घेऊ. तुमचं दूध कायमचं काही बंद होत नाही. वाचलात तुम्ही.”

नवऱ्याच्या जिवात जीव आला. तो मटकन खाली बसला आणि तिला चहा टाकायला सांगू लागला. ती जागची हलली नाही. तांबडीच्या दुधात सापडलं? किटली घासूनपुसून घेतलेली, चारा आपल्या हाताने कापलेला. मग आलं कुठून?

“एक मात्र सांगतो,” तपासनीस म्हणाला, “लहान मुलांना हे दूध देऊ नका.”

सासूबाई हसल्या. आमची चिमी त्या दुधाला शिवतसुद्धा नाही, तिची गाय वेगळी आहे, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि नातीचे ओठ पदराने पुसले.

तिने पुढे होऊन चिमीच्या हातातून पेला काढून घेतला. चिमीने भोकाड पसरलं.

“आई, तांबडीला तुम्ही काय घालता?”

सासूबाई चपापल्या. आधी लेकाकडे पाहिलं, मग रडणाऱ्या नातीला थोपटू लागल्या. नुसत्या गवतावर दूध कसं निळसर, पाण्यासारखं येत होतं. बाकीच्या गाई भरडा खाऊन कशा तुकतुकीत दिसत होत्या. सूनबाईला कळलं तर भांडेल म्हणून त्या कशा संध्याकाळी तिची पाठ वळल्यावर गोठ्यात जात होत्या, हे सगळं त्या सांगत राहिल्या. आवाज रडवेला झाला होता.

“जास्त नाही गं. ओंजळभरच. लेकराच्या पोटात चांगलं जावं म्हणून.”

तिला सासूचा संताप आला, नवऱ्याचा आला, आणि त्याहून स्वतःचा आला. सगळा पहारा केला आणि पोरीला हेच पाजलं. आता गप्प बसलं तरी चालणार होतं. भरडा पुरायचा, आठवडा काढायचा, संपलं. तपासनीस उठायच्या बेतातच होता. पण ती ओंजळ काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

“साहेब, बसा,” ती म्हणाली. “त्या बाटलीत गोठ्याचं दूध नव्हतं. या पेल्यातलं होतं. हिच्या एकटीच्या गाईचं. मीच भरलं.”

“काय बोलतेस तू? शुद्धीवर आहेस का?” नवरा ताडकन उठला.

तपासनीस रागावला नाही. तो पेल्याकडे पाहत राहिला, मग चिमीकडे, मग सासूबाईंच्या हातांकडे.

“म्हणजे हे ओंजळभराचं आहे,” तो सावकाश म्हणाला. “आणि ज्यांचं दूध टँकरमध्ये जातं, त्या गाईंना किती घालता?”

चिमीचं रडणं चालूच होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याने तोंड उघडेपर्यंत नजर हटवली नाही.

“घमेलंभर,” नवरा म्हणाला. “दोन्ही वेळेला.”