गुडघा कुणाचा?

शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नवा बसवलेला गुडघा तीन वर्षं पुवानं वाहत होता. मोठे डॉक्टर दर वेळी वरवर बघायचे, गोळ्या लिहून द्यायचे. गोळ्या चालू असतानाच गुडघ्यातलं पाणी तपासायचे आणि म्हणायचे, जंतू सापडत नाही. चोराला दवंडी पिटून सावध करायचं आणि मग घर रिकामं म्हणून हात झटकायचे, त्यातली गत!

आज नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली. "तपासणीआधी दोन आठवडे गोळ्या बंद नाही ठेवल्या कुणी?"

मोठ्या डॉक्टरांनी फाइल ओढून घेऊन मिटली. शिवणकामवाल्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झालं ते झालं," डॉक्टर म्हणाले. "आता सांधा काढून हाडंच एकमेकांना जोडू. एकदाच काय ते ऑपरेशन. मुलाशी बोलणं झालंय."

संमतीच्या कागदावर लेकाची सही होतीसुद्धा. बाई ढळढळीत समोर बसलेल्या, आणि यांचं परस्पर ठरलेलं.

"पाय वाकेल?"

"नाही. सरळच राहील."

"मग पायमशीन कसं चालवू?"

"आई, आता कशाला शिवायचंय तुला?" शेजारी बसलेला लेक म्हणाला. "आराम कर."

"मला विचारलंस?" बाई डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "दुसरा मार्ग आहे का? खरं सांगा."

"आहे. आधी गोळ्या थांबवून जंतू ओळखायचा. मग सांधा काढून आतलं साफ करायचं, तिथे औषध मिसळलेलं सिमेंट बसवायचं. जंतू गेला, की काही महिन्यांनी नवा सांधा. दोन ऑपरेशनं, मधे हाल, आणि खात्री नाहीच. नाही जमलं, तर मग हाडं जोडावी लागतील."

"या वयात दोनदा झेपणार नाही," मोठे डॉक्टर मधेच बोलले.

"तीन वर्षं पू झेपला, तेव्हा वय नाही आडवं आलं?" बाई उसळल्या.

बाईंनी लेकाच्या सहीवर आडवी रेघ मारली. दोन ऑपरेशनांचा नवा कागद मागवला, चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला, सही केली आणि लेकापुढे सरकवला. त्याचं पेन सवयीनं वरच्या ओळीकडे गेलं.

"तिथे नाही," बाई म्हणाल्या. "खाली साक्षीदार लिहिलंय ना, तिथे."